कुलपातली जाळी

मला जाळं फेकता येत नाही. ढिवराच्या घरात जन्मून हे कबूल करणं लाजिरवाणं आहे, पण खरं ते खरं. माझा बाप जाळं फेकायचा तेव्हा ते हवेतच गोल उघडायचं आणि पाण्यावर परातीसारखं बसायचं. मी फेकलं की ओलं लुगडं पडावं तसं पडतं. गावानं यावर पुष्कळ हसून घेतलं आणि मग त्याचाही कंटाळा आला. मी शिकलो, समुद्रपूर तालुक्यातल्याच एका शाळेत लिपिक झालो आणि गाव मला बाबू म्हणू लागलं. बाप गेल्यावर मच्छीमार संस्थेतली त्याची जागा माझ्याकडे आली. पाण्यात माझा काही उपयोग नव्हता, म्हणून सगळ्यांनी मिळून मला संस्थेचं लिहिण्याचं काम दिलं.

आमचं धरण लहान. कागदावर तो लघुप्रकल्प आहे, आम्ही त्याला तळं म्हणतो. आमच्या मोहल्ल्यातली तीसेक घरं त्या तळ्यावर जगतात. मी लहान होतो तेव्हा दोन माणसं काठीला टांगून एक कटला मासा आणायची आणि त्याची शेपटी रस्त्याला घासायची. आता पळसाच्या एका पानावर तीन मासे बसतात. दर पावसाळ्यात संस्था बोटुकली सोडते, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. त्यांना निदान वर्षभर वाढू द्यायचं असतं. ती दिवाळीच्या आतच हिंगणघाटच्या बाजारात तळहाताएवढी होऊन पोचायची.

यात कोणी बदमाश नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मी एकेकाशी बसून बोललो आहे. प्रत्येक जण तेच म्हणायचा, "मी नाई धरला तं तो धरन." आणि त्याचं खरं होतं. माझ्या गावात मासा सोडून देणारा माणूस शेजाऱ्याच्या ताटात वाढत होता, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे जाळ्यांची भोकं आधी चार बोटांची होती, मग दोन बोटांची झाली, मग अशी बारीक झाली की त्यातून चहासुद्धा गाळता आला असता. मासा जेवढा कमी होत गेला, तेवढं लोक सकाळी लवकर उठून पाण्यावर जाऊ लागले.

एकदा मत्स्य खात्याचा एक साहेब बैठकीला आला. मूळचा कोकणातला. तो म्हणाला की पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून तिकडे समुद्रावर दोन महिने बंदी असते, मोठमोठ्या बोटी किनाऱ्याला बांधून ठेवतात. "आणि तरीही मासा दरवर्षी कमीच होतोय," हेही त्यानं सांगितलं. मागच्या ओळीतून कोणीतरी विचारलं, "साहेब, समुद्राले कुलूप कोन लावते?" सगळे हसले. साहेबही हसला आणि म्हणाला, "तेच तर दुखणं आहे. सगळे थांबतात असं नाही. कोणीतरी जातोच."

तिथंच माझ्या डोक्यात शिरलं. समुद्राला कुलूप लावता येत नाही, पण जाळ्यांना येतं. आषाढाच्या पहिल्या दिवसापासून पोळ्यापर्यंत प्रत्येक घरानं आपलं जाळं संस्थेच्या खोलीत जमा करायचं. खोलीला कुलूप. जो पाण्यात दिसेल त्याचं जाळं मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर कापायचं आणि त्याला वर्षभर तळं बंद. हे सगळं मी सुचवलं, मीच लिहिलं आणि मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर मात्र गाडी अडली. मग एक म्हातारी म्हणाली, "बाबूजवळ ठेवा. त्याले जाळं भेटलं तरी मासोळी भेटत नाई." हास्याच्या गडगडाटात ठराव पास झाला. मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा माझा नाकर्तेपणा कोणाच्या कामी आला.

जाळी युरियाच्या रिकाम्या गोण्यांमध्ये आली, तोंडं सुतळीनं बांधलेली. मी प्रत्येक गोणीला चिठ्ठी लावून तिच्यावर नाव लिहिलं आणि गोण्या भिंतीला रचल्या. आमच्या घरची गोणी आईनं आधीच बांधून दारात ठेवली होती. मी एकही उघडून पाहिली नाही. माणसानं दिलेलं जाळं उघडून बघणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं, असं मला वाटलं. श्रावणाची मला काळजीच नव्हती. श्रावणात आमच्यात मासोळी कोणी शिजवत नाही, तो महिना देव सांभाळतो. आषाढ तेवढा मला सांभाळायचा होता.

दुसऱ्याच आठवड्यात काका आले. हे आमच्या चुलत नात्यातले, दोन घरं सोडून राहणारे, बापाबरोबर उभा जन्म पाण्यात काढलेले. गावात त्यांच्यासारखं जाळं फेकणारा दुसरा नाही आणि त्यांच्याएवढा कमी बोलणाराही नाही. ते ओसरीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "पोरीले सातवा लागला. एक सकाळ जाळं पायजे होतं मले."

त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. आमच्या लोकांत एक रीत आहे. पहिलटकरणीला, आणि मूल राहिलं नाही तर पुढच्या वेळीही, सातव्या महिन्यात तिच्या बापानं किंवा भावानं आपल्या हातानं, आपल्याच पाण्यातला, अंड्यांनी भरलेला मासा धरून आणायचा. तो जिवंतच आणायचा आणि पितळी गुंडातल्या पाण्यात सोडायचा. तिनं त्यात हात बुडवायचा, मासा हलला की बाळ सुखरूप. मग त्याची गाभोळी शिजवून पहिला घास तिला आणि मागून सगळ्या मोहल्ल्याला जेवण.

मी काकांना नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण मी भाषण दिलं. आज तुम्हाला दिलं तर उद्या दुसऱ्याला द्यावं लागेल, कुलूप एकदा उघडलं की उघडलंच, अंड्यांचा एक मासा म्हणजे पुढच्या सालचे हजारो मासे. काकांनी सगळं शेवटपर्यंत ऐकलं. "बरोबर हाये," म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो. त्यांच्या मुलीचं सातव्याचं जेवण वांग्याच्या भाजीवर झालं आणि मी तिथं दोन घास जास्तच जेवलो.

पुढच्याच आठवड्यात माझी धाकटी बहीण सेवाग्रामच्या दवाखान्यातून ऑटोनं घरी आली. लग्नाला नववं वर्ष. याआधी दोनदा दिवस गेले होते, दोन्ही वेळा मूल राहिलं नाही. या वेळी सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवरून उठायची मनाई केली होती. ती मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असायची. संडासला जाताना आई तिला अशी धरून न्यायची, जसं काही ती काचेची आहे.

आईनं पहिल्याच दिवशी विषय काढला. मी म्हणालो, बंदी आहे.

"बंदी मासोळीची हाये, का मह्या लेकीची?"

तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. पहिल्या वेळी बहीण सासरी नागपूरला होती, तिथं रीत झालीच नाही. दुसऱ्या वेळी ती आमच्याकडे होती. मी तेव्हा तळ्यावर गेलो, दहा-बारा वेळा जाळं फेकलं, पाला वर आला. शेवटी हिंगणघाटच्या बाजारातून बर्फातला मेलेला रोहू घेतला आणि घरी सांगितलं की आपल्याच तळ्यातला आहे, वाटेत मेला. पंधरा दिवसांनी जे व्हायचं ते झालं. नंतर बाजारातल्या कोणीतरी आईला खरं सांगितलं. आई मला एक शब्दही बोलली नाही, आणि ते मला अजून टोचतं. माझा या रीतीवर काडीचा विश्वास नाही. पण माझ्या खोट्या माशानंतर ते मूल गेलं, हे माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

बहिणीला मी विचारलं. ती शिकलेली आहे, दोन वर्षं शाळेत शिकवत होती.

"नको भाऊ," ती म्हणाली. "मले नाई पटत हे असलं." मग पांघरूण ओढत म्हणाली, "आईले वाटते फक्त." आणि मग भिंतीकडे बघतच म्हणाली, "मले बी भेव लागते."

मी शोधायला निघालो. हिंगणघाटला गेलो, तिथं तळ्यातले पाळीव मासे, सगळे मेलेले. कारंज्याकडे महामार्गावरच्या ढाब्यांवर समुद्राच्या मासळीचे ट्रक थांबतात असं ऐकलं, म्हणून रजा टाकून तिथंही गेलो. एक ड्रायव्हर चहा पीत म्हणाला, "समुंदर तो बंद है बाबूजी. ये पुराना बर्फ का माल है." त्यानं पेटी उघडून दाखवली. बांगडे माझ्या बोटांएवढे होते. आता चालू मोसमातही असलेच येतात, असं तो म्हणाला. मी तिथं कशाला गेलो होतो ते माझं मलाच कळेना. जिवंत, आपल्या पाण्यातला आणि भावाच्या हातचा मासा ट्रकमध्ये मिळणार नव्हता, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. पण घरी थांबलो की आई समोर आणि मोहल्ल्यात निघालो की काका समोर. काका भेटले की नेहमीसारखी मान हलवायचे. त्यांची मुलगी अंगणात धान्य निवडत बसलेली असायची. एकाला कायदा सांगून तोच कायदा घरी मोडायचा, तर तोंड कुठं दाखवू? आणि नाही मोडला आणि बहिणीला तिसऱ्यांदा काही झालं, तर जगू कसा? मी पंधरा दिवस नीट जेवलो नाही.

श्रावणाआधीचा शेवटचा रविवार उरला. उजाडता उजाडता मी किल्ली घेतली आणि संस्थेच्या खोलीकडे गेलो. स्वतःशी ठरवलं होतं, दुसऱ्या कोणाच्या गोणीला हात लावायचा नाही, फक्त आपली घ्यायची.

आमची गोणी उचलली तर ती नको इतकी हलकी. सुतळी सोडली. आत बापाचं कधीचं फेकून दिलेलं जाळं होतं, खालच्या शिशाच्या गोळ्या सगळ्या काढून घेतलेल्या. हात लावला की दोरा तुटत होता. आईच्या हातून चूक झाली असेल, असं वाटून मी शेजारची गोणी उघडली. तिच्यात जाळ्याचा अर्धा तुकडा आणि खाली वजनाला वीट. तिसरीत नुसती दोऱ्यांची गुंतावळ. एकीत रोपवाटिकेची हिरवी जाळी होती, एकीत पोरांचा तुटका दोरीचा पाळणा. मग मी थांबलोच नाही. एकामागून एक सगळ्या गोण्या उघडल्या आणि त्या खोलीत मध्यभागी गावभराच्या चिंध्यांचा ढीग झाला. इतके दिवस मी त्याच्यावर पहारा देत होतो. दुसरा कोणीही ढिवर असता तर गोणी उचलतानाच त्याला कळलं असतं. म्हणून तर किल्ली माझ्याकडे दिली होती.

कोपऱ्यातली शेवटची गोणी मला एका हातानं उचलवली नाही. ती काकांची होती. आत त्यांचं खरं जाळं होतं, धुऊन, वाळवून, घडी घालून, कीड लागू नये म्हणून मधे कडुनिंबाचा पाला घातलेलं. गोळ्या सगळ्या जागच्या जागी.

मी खाली बसलो. मला राग आला होता, पण तो कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. बैठक बोलवावी, तर पहिला प्रश्न हाच येणार होता की बाबू, गोण्यांमध्ये काय आहे हे तुले कसं समजलं? आणि सगळ्यात वरची गोणी माझ्याच घरची. मी सगळं पुन्हा भरलं, बांधलं, चिठ्ठ्या सारख्या केल्या आणि कुलूप लावून घरी आलो.

आई चुलीपुढं होती. बहीण झोपली होती म्हणून मी दबक्या आवाजात भांडलो. आईला त्यात लाजण्यासारखं काही वाटलंच नाही.

"चांगलं जाळं कोन देते बाप्पा? आपलं माळ्यावर हाये. सगळ्याईनं तसंच केलं. तुले ठाव नोयतं?"

"म्हणजे सगळे मासे धरून राह्यले?"

"पल्याडच्या काठाले जातेत सकाऊन. तू शाळेत गेला का बाया बाजारात निंगतेत."

"आणि काका?"

आईनं चहा गाळला. "त्यानं खरं देलं. तू म्हणलं म्हून देलं."

"त्यांना बाकीच्यांचं माहीत नव्हतं?"

"डोये नाई का त्याले?" आई म्हणाली.

म्हणजे काका माझ्याकडे आले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. कोणाच्याही घरातून जाळं मागून ते पल्याडच्या काठाला गेले असते तर मला पत्ता लागला नसता. ते माझ्याकडे आले, रीतसर मागितलं, माझं भाषण ऐकलं, आणि पोरीला वांग्याची भाजी खाऊ घातली. मला तिथल्या तिथं मरावंसं वाटलं.

पण मी मेलो नाही. मी स्टूल घेतलं आणि माळ्यावरचं जाळं काढलं. आता का नाही म्हणायचं, ते मला सापडेना. तळं तर बंद नव्हतंच. बंद होतो फक्त मी आणि काका. मी नाल्याच्या तोंडाशी गुडघाभर पाण्यात उतरलो. सहा-सात वेळा ओलं लुगडंच पडलं. मग एकदा जाळं अर्धवट उघडलं आणि जड लागलं. रोहू होती, पोट फुटेल इतकी भरलेली. अंड्यांच्या भारानं तिला पळताच आलं नाही, म्हणून तर ती माझ्यासारख्याच्या हाती लागली. मी तिला बादलीत घालून घरी आणलं.

गुंड खाटेजवळ ठेवला. बहिणीनं पडल्या पडल्या हात बुडवला आणि मासा असा उसळला की तिच्या तोंडावर पाणी उडालं. ती मोठ्यानं हसली. या घरात आल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, आणि हसता हसता रडायला लागली. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तेव्हा सुखी होतो. ते नाकारलं तर खोटं होईल. तिची मुलगी आता घरभर धावते. आई त्याचं श्रेय माशाला देते, बहीण दवाखान्याला देते, मी मधे पडत नाही.

दुपारी मोहल्ला जेवायला आला. मासा कुठून आला हे कोणीच विचारलं नाही. बंदीच्या महिन्यात बंदी लिहिणाऱ्याच्या अंगणात पंगत बसली होती आणि मी भाताचं भगोणं घेऊन वाढत होतो. "बाबूले जाळं फेकता आलं बाप्पा!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. ते हसणं टोचणारं नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला आपल्यातला मानलं होतं आणि मला त्या पंगतीतून उठून पळून जावं असं वाटत होतं.

काका मुलीला घेऊन आले. तिला आठवा लागत आला होता. दोघं शेजारी शेजारी बसले. आईनं वडीलधाऱ्यांच्या पानावर गाभोळीचा एकेक तुकडा वाढला. काकांनी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आपल्या पानावरचा तुकडा उचलून मुलीच्या पानावर ठेवला. "खाय," म्हणाले. तिनं खाल्ला. त्यांनी स्वतः वरणभात खाल्ला, हात धुतले आणि गेले.

पोळ्याच्या दिवशी सगळे आपापल्या गोण्या घेऊन गेले. काकाही त्यांची घेऊन गेले.

ठराव अजून आहे. मला तो रद्द करता येत नाही, कारण का करायचा ते सांगता येत नाही. संस्थेचं काम सोडतो म्हटलं तर सगळे म्हणतात, तुझ्याशिवाय किल्ली कोणाकडे देणार? दर आषाढात गोण्या येतात. मी उचलून भिंतीला रचतो आणि आता वजन मलाही कळतं. पुढच्या वर्षी काका आले तेव्हा मी दारातच उभा होतो. त्यांनी गोणी माझ्या हातात दिली. मी ती एका हातानं घेतली.

काका चिठ्ठी लिहून होईपर्यंत थांबले, आणि मी त्यांचं नाव लिहिलं.